फळं आणि दह्याची स्मूदी घरी: कधी आंबट, कधी कडू, काय करू?

शुभदा_मंगळवारपेठ
मंडळी, लेक यंदा दहावीला. साडेसहाला क्लास असतो आणि त्या वेळी तिच्या घशाखाली पोहे उतरत नाहीत, भाकरी तर लांबच. रिकाम्या पोटी जाते आणि दहाला घरी येऊन फरसाणाच्या डब्यावर पडते. इथे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅफेत मैत्रिणींबरोबर स्मूदी प्यायली, तेव्हापासून "आई, तसलं करून दे, ते पिऊन जाईन" असं चाललंय. म्हटलं, घरी म्हशीचं दही असतं, कपिलतीर्थ मंडईतनं फळं येतात, मिक्सर आहे, आणखी काय लागतं?

पण जमेना. आमचं दही आंबट, त्यामुळे साखर घातल्याशिवाय ती तोंड लावत नाही. साखर घालायची तर मग स्मूदीचा उपयोग काय? पपई घालून केली आणि बाटलीत भरून दिली, तर क्लास सुटेपर्यंत कडूजार. बर्फ घातला की पाणचट, नाही घातला तर कोमट. शिवाय एक मूळ शंका: हे खरंच पौष्टिक आहे, की नुसतं दिसायला?

जाणकारांनी सांगा. मिसळ खायला घाला असं सुचवणाऱ्यांना आधीच नमस्कार.

रंकाळ्याचा_वारा
शेवटची ओळ वाचून लिहायला घेतलेला प्रतिसाद खोडला.

आहारवाली
शुभदाताई, पपईचं आधी सांगते. तुमच्याकडे मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ना? तेच इथे घडतंय. पपईत पपेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. मटणात तोडलं की मटण मऊ होतं, दह्यादुधातली तोडली की जे तुकडे पडतात त्यांतले काही चवीला कडू असतात. पिकलेल्या पपईत पपेन कच्च्यापेक्षा बरंच कमी असतं, पण बाटलीत दोन-तीन तास ठेवलं की तेवढंही पुरतं. अननस आणि किवीचं हेच. ही तीन फळं दह्यात घातली तर लगेच प्यायची, डब्यात द्यायची नाहीत. अननसाचा फारच सोस असेल तर फोडी चार-पाच मिनिटं शिजवून गार करून घाला. उष्णतेनं ते एन्झाइम निकामी होतं. बाजारच्या हवाबंद डब्यातल्या अननसानं कडवटपणा येत नाही तो त्यामुळेच, पण त्यात पाक असतो.

केळं, आंबा, चिकू, स्ट्रॉबेरी, सीताफळ, पेरू यांना ही भानगड नाही.

पेठकरी
मी सरळ बोलतो, राग मानू नका वहिनी. केळं सोलून खायला एक मिनिट लागतं. वाटीभर दही खायला दोन मिनिटं. तेच दोन्ही मिक्सरात घालायचं, आवाजानं शेजारच्याला उठवायचं, मग भांडं धुवायचं, पातं धुवायचं, बाटली धुवायची. कशासाठी? देवानं दात दिलेत की. आमच्या वडिलांनी जन्मात मिक्सर बघितला नाही, सकाळी ताकभाकरी खाऊन पंचगंगेला पोहायला जायचे. आता पोरांना चावायचा कंटाळा आणि आयांना कौतुक. उद्या भाकरी पण मिक्सरातनं काढून द्याल.

कॅफेवाल्यांचं तर बोलूच नका. त्या ग्लासात निम्मं आईस्क्रीम आणि वरनं सिरप असतंय, म्हणून ते गोड लागतंय. घरात तसं होणार नाही आणि होऊ पण नये.

शुभदा_मंगळवारपेठ
@पेठकरी, राग कशाला. पण सकाळी सहा वाजता दहावीच्या पोरीला "चावून खा" म्हणायला तुम्ही या आमच्या घरी. चहा मी देते.

@आहारवाली, पपईचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. "मग मटणाला लावतो ते काय उगाच?" म्हणाल्या.

सांगलीचा_बंडू
द्राक्षं घाला. तासगावची. कोल्हापूरवाल्यांना शेवटी गोडव्यासाठी सांगलीकडेच बघावं लागतं.

रंकाळ्याचा_वारा
@बंडू, गुळाच्या गावाला गोडवा शिकवू नको.

गोठेवाला_करवीर
माझ्या दारात म्हशी आहेत, त्यामुळं दह्यावर बोलायचा हक्क मला आहे असं समजून लिहितो.

दही आंबट होतंय कारण ते लागल्यावर पण बाहेरच राहतंय. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, प्रथिनं पण गाईपेक्षा जास्त, म्हणून दही घट्ट लागतं. त्याचा दोष नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं चार-पाच तासांत दही लागतं. लोक रात्री दहाला विरजण लावतात आणि सकाळी सहाला उघडतात, म्हणजे लागून झाल्यावर तीन तास ते नुसतं आंबट होत बसलेलं असतं. संध्याकाळी सहाला लावा, झोपताना बघा, लागलं असेल तर तसंच उचलून फ्रीजमध्ये. सकाळी गोडसर मिळेल.

विरजण पण थोडं आणि ताजं पाहिजे. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा बास. आंबट दह्याचं विरजण लावलं की पुढचं पण आंबटच, ही साखळी तोडायला एकदा शेजारनं गोड दही मागून आणा. दूध कोमट म्हणजे बोट बुडवून सुखानं ठेवता येईल इतकं. गरम दुधात लावलं तर विरजणातले जंतूच मरतात, गार दुधात लावलं तर दही चिकट, तारा सुटणारं होतं.

दुसरं, सायीचं दही स्मूदीला घेऊ नका. ती साय लोण्याला ठेवा. मिक्सरात साय जास्त फिरली की लोण्याच्या कण्या वर येतात आणि मग पोरगी म्हणते "आई, यात काय तरंगतंय?"

चिकू_राजारामपुरी
शेवटच्या वाक्याला दंडवत. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं आणि मी फळाला दोष देत होते.

माझ्याकडून एक भर. दही थोडं आंबट असेल तर फेकू नका. सुती फडक्यात बांधून तास-दीड तास टांगा. आंबट पाणी निघून जातं, फडक्यात चक्का राहतो. तो दोन चमचे आणि थोडं दूध अशी स्मूदी केली तर घट्ट होते, आंबट लागत नाही आणि प्रथिनंही जास्त जातात. बाजारात महागड्या डब्यातून ग्रीक योगर्ट येतं ते पाणी काढलेलं दहीच असतं, आपण श्रीखंडासाठी करतो तेच. निघालेल्या पाण्यात कणीक भिजवा.

जुनी_तालीम
प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कोल्हापुरात ही गोष्ट नवी नाही. तालमीत थंडाई घोटायचे. बदाम रात्रभर भिजवून, साल काढून, खसखस, बडीशेप, काळी मिरी, कुंडीत सोट्यानं घोटत बसायचं. पट्ठे आळीपाळीनं घोटायचे, तोच व्यायाम. मग दूध घालून फडक्यातनं गाळायचं. खासबागचं मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, ते १९१२ साली पुरं झालं. त्या मैदानात उतरलेल्या किती मल्लांच्या अंगात ही थंडाई होती याचा हिशेब कोण लावणार?

आणि गंगावेशीचा दूध कट्टा! म्हैस समोर उभी, धार समोर काढतात, फेसाळ पेला हातात. अजून संध्याकाळी जाऊन बघा, रांग असते.

पेठकरी
@जुनी_तालीम भावा, काळजाला हात घातलास. धारोष्ण दूध आणि वर रंकाळ्याला एक चक्कर. स्मूदी म्हणे.

आहारवाली
विषय काढलात म्हणून सांगते, न तापवलेलं दूध लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि आजारी माणसांना देऊ नये. जनावर निरोगी दिसत असलं तरी ब्रुसेलोसिस, क्षयासारखे आजार कच्च्या दुधातून येऊ शकतात. कट्ट्याचा अपमान करायचा हेतू नाही.

पेठकरी
झाला की अपमान करून.

लीड्सची_सई
मूळची शाहूपुरी, सध्या इंग्लंड. इथे फ्रीजरमधली बेरी फळं स्वस्त मिळतात, त्यामुळे स्मूदी घरोघरी. पण इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला ऐकण्यासारखा आहे: फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीपेक्षा जास्त नको. म्हणजे आपला लहान पेला. कारण फळ वाटलं की त्यातली साखर पेशींतून मोकळी होते, दातांना लागते आणि भराभर पोटात जाते. चार केळी कुणी बसून खात नाही, चार केळ्यांची स्मूदी मात्र गप्पा मारता मारता संपते. या बाबतीत मी पेठकरी काकांच्या बाजूची.

आणखी एक गंमत. केळ्याचे काप ज्या एन्झाइममुळे काळे पडतात, ते बेरी फळांतल्या फ्लॅव्हनॉल नावाचे उपयोगी घटकही बरेच कमी करतं, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. म्हणजे स्ट्रॉबेरी-केळं ही जगप्रसिद्ध जोडी त्या बाबतीत घाट्याची.

रंकाळ्याचा_वारा
पपई नको, अननस नको, साखर नको, साय नको, आता केळं पण नको. ग्लासात राहिलं काय? पेंढा?

आहारवाली
@सई, माहिती बरोबर आहे, पण घाबरू नका. फ्लॅव्हनॉल मिळावेत म्हणून कुणी स्मूदी पीत असेल तर त्यानं स्ट्रॉबेरीबरोबर केळं टाळावं. शुभदाताईंचा प्रश्न वेगळाय, पोरगी उपाशी जाऊ नये. त्यासाठी केळं उत्तम. साखर न घालता गोडी येते, दाटपणा येतो, पोटॅशियम मिळतं.

१५० मिलीचा सल्लाही समजून घ्या. तो फळाच्या साखरेमुळे आहे. तुमच्या ग्लासात निम्म्याहून जास्त दही असेल आणि फळ एकच असेल तर ती नुसत्या फळांच्या स्मूदीसारखी नसते. साधारण १५० ग्रॅम दह्यातून पाच-सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घातला की आणखी चार-एक ग्रॅम. असा ग्लास दहापर्यंत तग धरेल. फक्त आंबा आणि दूध घोटलं तर आठलाच भूक लागेल. आणि कृपा करून गाळू नका. चोथा हाच तर फायदा आहे.

गृहस्थ_फुलेवाडी
माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांना चालेल का? साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला तर?

आहारवाली
मध आणि गूळ साखरेतच धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम. मध या हिशेबात स्पष्टपणे येतो आणि एका मोठ्या चमच्यात १५ ग्रॅमच्या वर साखर असते. गुळात थोडी खनिजं असतात, पण रक्तातल्या साखरेला ते कळत नाही.

वडिलांना पेरू किंवा स्ट्रॉबेरी, दही, जवसाची पूड असं लहान पेलाभर. आंबा, चिकू, केळं एकत्र नको. प्यायल्यावर दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर बघा, ती आमच्यापेक्षा खरं सांगेल. औषधं चालू आहेत तर डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळ्याचंही विचारा.

पेठकरी
कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचं मानांकन, मिळालंय. त्याला साखरेच्या रांगेत बसवल्याबद्दल या बाईंवर गुऱ्हाळवाल्यांचा मोर्चा काढावा असा ठराव मी मांडतो.

सांगलीचा_बंडू
अनुमोदन. मोर्चात हळदीचं दूध आम्ही देऊ.

माईआजी
माझं वय झालंय, नात टाइप करतेय. आमच्या वेळी दूध आणि आंबट फळ एकत्र करत नसत, विरुद्ध अन्न म्हणत. दही रात्री खात नसत. तुम्ही सगळं एका भांड्यात घालून घुसळताय, अंगावर पित्त उठलं तर मग म्हणू नका कुणी सांगितलं नाही.

चिकू_राजारामपुरी
माईआजी, नमस्कार. पण आम्रखंड म्हणजे चक्का आणि आंबाच ना? लग्नात चार वाट्या खाणारी माणसं आमच्याच घरात आहेत. आणि शिकरण तर दूध-केळंच.

माईआजी
आम्रखंड रोज सकाळी सहाला कोण खातं? सणाला खातात आणि दुपारी झोपतात. शिकरणाला पण आमचे वैद्य नाकच मुरडायचे. (आजी हसतेय. – नात)

आहारवाली
आजींचं म्हणणं आयुर्वेदातल्या विरुद्ध आहाराला धरून आहे, त्यांना खोटं पाडायचं कारण नाही. आधुनिक आहारशास्त्रात दही-फळ एकत्र खाल्ल्यानं निरोगी माणसाला अपाय होतो असं मानत नाहीत. ज्याला खरोखर पित्त उठतं त्यानं खाऊ नये, इतकं सरळ.

यंत्रज्ञ_उद्यमनगर
कुणी मिक्सरवर बोलेना म्हणून आलो. पाणचट होण्याचं कारण बर्फ, आणि बर्फ लागतो कारण फळ कोमट. मग फळच गोठवा ना. केळी पिकली की सोलून (सालासकट नको, नंतर साल निघत नाही, नखं निघतात), काप करून ताटलीत सुटे पसरून फ्रीजरमध्ये. कडक झाले की पिशवीत भरा. आधीच पिशवीत कोंबलेत तर त्यांची वीट होते, ती घरातल्या मिक्सरला फुटत नाही.

भांड्यात भरायचा क्रम: खाली दही-दूध, मग मऊ फळ, वर गोठलेले काप. उलटं केलं की पातं मोकळंच फिरतं आणि वर काप नाचत बसतात. नॉब उलटा फिरवून आधी झटके द्या, मग सलग फिरवा, तेही मिनिटभरच. जास्त वेळ फिरवलं की भांडं तापतं, दही पातळ होतं आणि मोटरचा वास येतो. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. झाकण धरून उभे राहा, ही सूचना भिंतीकडे बघून करतोय.

गृहस्थ_फुलेवाडी
भिंतीचा फोटो टाका.

यंत्रज्ञ_उद्यमनगर
रंग काढला.

चिकू_राजारामपुरी
आता फळांचं. बारा महिने एकच केळं कशाला? थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते, साधारण डिसेंबर ते मार्च, ती एकदम स्वस्त झाली की आणून देठं काढून गोठवा. पेरूही थंडीतलाच. तो बियांमुळे आधी थोड्या दुधात वाटून मोठ्या गाळणीतून काढावा लागतो, हा एकच अपवाद, आहारवालींनी माफ करावं. एप्रिल-मेमध्ये घाट चढून कोकणातला हापूस येतोच. पण माझं आवडतं जांभूळ. पाऊस पडायच्या तोंडावर आजरा, राधानगरीकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात तेव्हा घ्यायचं, बिया काढायचे कष्ट करायचे, दही, चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड. रंग असा येतो की कॅफेवाला नोकरी देईल. तुरट लागतं, गोड स्मूदीची सवय असणाऱ्यांना आवडणार नाही. मला त्यातच खरी मजा वाटते. सीताफळाची दिवाळीच्या आसपास करा, पण गर हातानं काढा. बी मिक्सरात जाता कामा नये, ती खाण्याची नाही.

लीड्सची_सई
जांभूळ वाचून डोळ्यात पाणी. इथे ब्लूबेरी खाऊन दिवस काढतोय.

जुनी_तालीम
मीठ-जिरं म्हणजे ताकाकडेच आलात की फिरून.

शुभदा_मंगळवारपेठ
सगळ्यांना एकत्र उत्तर. गोठेवालेदादांचं ऐकून विरजण संध्याकाळी लावायला लागले, दह्याचा प्रश्न तिथेच मिटला. सध्या जमलेलं प्रमाण असं: एक वाटी साय काढलेलं दही, एका गोठवलेल्या केळ्याचे काप, चार बदामांऐवजी (दहावीच्या क्लासची फी भरलीय, बदाम परवडत नाहीत) दोन चमचे दाण्याचा कूट, अर्धी वाटी दूध, वेलदोड्याची चिमूट. साखर नाही. वेलदोड्यानं नसलेली गोडी असल्यासारखी वाटते. कधी केळं अर्धं आणि आंब्याची एक फोड. लेक पिते, "कॅफेसारखी नाही पण चालतंय" असा शेरा मारून. सासूबाईंनीही घेतली, वर तिखटाची चिमूट टाकून. मी बघितलं नाही असं दाखवलं.

@पेठकरी, शनिवार-रविवारी क्लास नसतो तेव्हा केळं आणि दही वाटीतच देते. तुमचा मुद्दा सोडलेला नाही.

आता एकच राहिलं. स्टीलच्या बाटलीला आंबूस वास राहतोय, घासून पण जात नाही.

पेठकरी
वाटीला वास राहत नाही. एवढंच बोलतो.

यंत्रज्ञ_उद्यमनगर
वास स्टीलला नसतो, झाकणातल्या रबरी रिंगला असतो. सुरीच्या टोकानं रिंग बाहेर काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून तासभर बुडवा, उन्हात वाळवून मग बसवा. आणि लेकीला सांगा, पिऊन झाल्याबरोबर क्लासमध्येच पाण्यानं विसळायची. दह्याची स्मूदी बाटलीत बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, उन्हाळ्यात त्याच्याही आत संपवा.

गृहस्थ_फुलेवाडी
वडिलांना पेरू-दही-जवस दिली. साखर फार चढली नाही. पण ते म्हणतात याला चव नाही, मिसळीचा कट थोडा घाल.

रंकाळ्याचा_वारा
बघा, मी नाही बोललो हं.

चिमणराव_गडहिंग्लज
उशिरा आलो. आमच्याकडे पावसाळ्यात दहीच धड लागत नाही, दोन दिवस भुरभुर पाऊस असला की सकाळी नुसतं कोमट दूध. त्याला काय करायचं?

गोठेवाला_करवीर
दूध नेहमीपेक्षा जरा गरम असताना लावा, विरजण दुप्पट घ्या, भांडं झाकून पिठाच्या डब्यात किंवा तांदळाच्या पोत्यात दाबून ठेवा. ऊब टिकते. आणि अधूनमधून उघडून बघायचं नाही, आमच्या घरात दही त्यानंच बिघडतंय.